जुना वाडगा, नवी रवी

ओसाकाहून क्योतोला जाताना वाटेत यामाझाकी नावाचं छोटं स्टेशन लागतं. विशेष जलद गाड्या इथे थांबत नाहीत. एका अंगाला तेन्नोझानचा डोंगर, दुसऱ्या अंगाला कात्सुरा, उजी आणि किझु या तीन नद्यांचा संगम आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत जुना रस्ता, रूळ, महामार्ग असं सगळं दाटीवाटीने बसलेलं. इथून क्योतोवर चाल करायची तर ही अरुंद वाट टाळता येत नसे. ओदा नोबुनागाचा घात करणाऱ्या आकेची मित्सुहिदेला तोयोतोमी हिदेयोशीने १५८२ साली गाठलं ते इथेच. लढाईनंतर हिदेयोशीचा तळ या भागात असताना त्याचा चहागुरू सेन नो रिक्यु याने दोन तातामींची, म्हणजे दोन चटयांएवढी, एक खोली उभारली, असं परंपरा सांगते. ती खोली, ताइआन, आज स्टेशनासमोरच्या म्योकीआन या झेन मंदिरात आहे. रिक्युची म्हणून मानली जाणारी एवढीच वास्तू शिल्लक राहिली आहे. जपानमध्ये राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळालेली चहागृहं तीन. त्यांतलं हे सर्वांत जुनं.

ताइआन पाहायचं तर आधीच कळवून दिवस ठरवून घ्यावा लागतो. आत पाऊल टाकता येत नाही, फोटोही काढता येत नाही. बाहेर उभं राहून वाकायचं आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबायचं. हळूहळू खोली दिसू लागते. भिंती मातीच्या, त्यात कालवलेला पेंढा उघडा. एका कोपऱ्यात जमिनीत बसवलेली चूल. चित्र टांगायच्या कोनाड्यातले आतले खांबसुद्धा लिंपून टाकलेले, त्यामुळे कोपरे विरून जातात आणि कोनाडा किती खोल आहे ते कळत नाही. खिडकी म्हणजे कुडाचा न लिंपता सोडलेला तुकडा. कामट्या आणि त्यांची बांधणी तशीच दिसते. पाहुण्यांचं दार जेमतेम अडीच फूट उंच. सरदार असो की सावकार, तलवार बाहेर ठेवून, मान झुकवून, गुडघ्यांवर सरकतच आत जायचं. या छत्तीस चौरस फुटांत यजमान, पाहुणे, चूल आणि भांडी सगळं मावायचं.

जवळच गावाच्या इतिहास संग्रहालयात याच खोलीची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे. उभारली तेव्हा खोली कशी असेल, तशी ती बांधलेली आहे. दोन्ही एकाच दिवशी पाहिल्यावर माझ्या मनातलं एक चित्र बदललं. चहाची कला म्हटलं की आपण काळवंडलेलं लाकूड, गंजलेलं लोखंड, भेगाळलेली भांडी डोळ्यांसमोर आणतो. पण रिक्युच्या पाहुण्यांनी पाहिलेली खोली कोरी होती. तिच्यातला जुनेपणा नंतरच्या चारशे वर्षांनी आणला. रिक्युच्या नावावर चहाच्या शिकवणीत एक नियमही सांगितला जातो: बाकी काही जुनं असलं तरी चालेल, पण पाणी, वाडगा पुसायचं फडकं, चहा घुसळायचं चासेन आणि पाण्याची पळी या गोष्टी नव्या हव्यात. त्या यादीत मनाचाही समावेश आहे. हिवाळ्याच्या अखेरीस केलेल्या या प्रवासात पुढे जे जे पाहिलं, त्यातली कुठली वस्तू कुठल्या वयाची आणि का, हे विचारायची सवय मला इथे लागली.

चहाची भुकटी करून ती गरम पाण्यात घुसळायची ही मूळची चिनी रीत. एइसाई नावाचा झेन भिक्षू ११९१ मध्ये सोंग साम्राज्यातून परतला तेव्हा त्याने चहाचं बी आणि ही रीत सोबत आणली असं मानतात. चहाच्या औषधी गुणांवर त्याने १२११ साली पुस्तकही लिहिलं. पुढे मिंग काळात चीनमध्ये सुटी पानं गरम पाण्यात घालून पिण्याची पद्धत रुळली आणि भुकटी मागे पडली. जपानने ती धरून ठेवली. सुरुवातीला तिच्यासोबतची प्रतिष्ठेची भांडीही चिनीच असत: काळ्या चकाकत्या झिलईचे तेन्मोकु वाडगे, निळसर हिरवे सेलाडॉन, तळहातावर मावेल एवढी मातीची चाइरे म्हणजे भुकटी ठेवायची बरणी. आशिकागा शोगुनांच्या दिवाणखान्यांत त्यांची आरास मांडली जाई. पंधराव्या शतकात मुराता जुको आणि त्याच्यानंतर साकाई शहरातला ताकेनो जोओ यांनी या थाटाला वेगळं वळण दिलं. साध्या देशी वस्तू चिनी वस्तूंच्या पंगतीला बसल्या, खोली लहान झाली. साकाईच्याच व्यापारी घरात १५२२ साली जन्मलेल्या रिक्युने ते वळण शेवटाला नेलं.

मात्र तो काळ काही विरक्तांचा नव्हता. नोबुनागाने नावाजलेली भांडी ठिकठिकाणांहून गोळा केली आणि पराक्रमी सरदारांना जमिनीऐवजी ती बक्षीस देऊ लागला. वाटायला जमीन अपुरी पडते, बरणीचं मोल मात्र हवं तेवढं वाढवता येतं. या किमती पाहून सर्वांत थक्क झाले ते युरोपीय पाद्री, आणि ते आले होते आपल्या गोव्यातून. फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये गोव्याहूनच निघून जपानला पोहोचला होता. त्याच्यामागून आलेला आलेस्सान्द्रो वालिन्यानो हा येशू संघाचा निरीक्षक बुंगोच्या राजाकडे पाहुणा असताना राजाने त्याला मातीची एक चिमुकली बरणी कौतुकाने दाखवली. आपल्याकडे हिचा उपयोग पक्ष्याच्या पिंजऱ्यात पाणी ठेवण्यापलीकडे झाला नसता, आणि राजाने मात्र तिच्यासाठी चौदा हजार डुकाट मोजले, असं त्याने लिहून ठेवलंय. तरीही माणूस चतुर. जपानमधल्या संघाच्या प्रत्येक घरात चहाची सोय आणि पाहुण्यांसाठी नीटनेटकी खोली असलीच पाहिजे, असा नियम त्यानेच घालून दिला.

क्योतोत माझा पहिला मुक्काम दाइतोकु-जी मंदिराच्या परिसरात होता. मंदिराच्या मोठ्या दरवाज्याचा वरचा मजला रिक्युच्या खर्चाने बांधला गेला. कृतज्ञता म्हणून मंदिराने तिथे रिक्युचा लाकडी पुतळा बसवला, पायांत सपाता घातलेला. हिदेयोशी या दरवाज्याखालून जाणार, म्हणजे रिक्युच्या पायांखालून जाणार! रिक्युवर ठेवलेला हा एक आरोप. दुसरा आरोप त्याने चहाच्या वस्तूंना अवाच्या सवा किमती लावल्याचा. १५९१ साली, सत्तरीला टेकलेल्या रिक्युला पोट चिरून मरण्याची आज्ञा झाली. दुसऱ्या आरोपाकडे मी आता वेगळ्या नजरेने पाहते. मळलेल्या वाटेने नावारूपाला आलेल्या चिनी बरणीला लाख मोल मिळालं तर कुणाची तक्रार नव्हती. काल तोडलेल्या वेळूच्या नळीला किंवा कौलं घडवणाऱ्याने केलेल्या वाडग्याला मोल देणं हे मात्र सत्तेला खटकण्याजोगं होतं, कारण तिथे किंमत ठरवणारी नजर राजाची नव्हती.

तो वाडगा पाहायला आबुरानोकोजी रस्त्यावर जायचं. इथे राकु घराणं चारशेहून अधिक वर्षं राहतं आहे. घर, भट्टी आणि १९७८ साली चौदाव्या पिढीने उघडलेलं संग्रहालय एकाच आवारात आहे. मूळ पुरुष चोजिरो. त्याचा बाप चीनमधून आलेला कारागीर, आणि चोजिरो स्वतः छपरावरच्या नक्षीच्या कौलांचं काम करणारा. रिक्युच्या सांगण्यावरून त्याने चहासाठी वाडगे घडवले. तेव्हा त्यांना ‘आत्ताचं काम’ म्हणून ओळखत, म्हणजे अगदी नव्या चालीचं. चोजिरो १५८९ मध्ये वारला. आज सोळावी पिढी काम करते आहे. प्रत्येक पिढीचा प्रमुख किचिझाएमोन हे एकच नाव लावतो, पण आधीच्याची नक्कल करणं मात्र इथे कमीपणाचं मानतात. एका दालनात पिढ्यान्‌पिढ्यांचे वाडगे ओळीने मांडलेले दिसतात तेव्हा ते ध्यानात येतं. चोजिरोचा वाडगा मिटलेला, मान खाली घातलेला. तिसऱ्या पिढीतल्या दोन्युच्या काळ्या झिलईला लकाकी येते. पंधराव्याच्या हातचे वाडगे तर कोरीव खडकांच्या जवळ जातात.

राकुचा वाडगा चाकावर फिरवत नाहीत. मातीची जाड चपाती दोन्ही तळव्यांनी कडेने उचलत आणायची, मग पात्याने आतून-बाहेरून तासायची. तळव्यांमधली पोकळीच वाडग्याला आकार देते. काळ्या राकुच्या झिलईसाठी कामो नदीतल्या विशिष्ट दगडाची पूड लागते. लहानशा भट्टीत भाता मारून उष्णता हजार अंशांच्या पुढे न्यायची आणि झिलई वितळली की लालबुंद वाडगा चिमट्याने बाहेर काढायचा. एकदम गार झाल्यामुळे काळा रंग पक्का होतो. चिमट्याच्या खुणा अंगावर राहतात. भाजणी कमी असल्याने अंग सच्छिद्र राहतं, त्यामुळे आत ऊन चहा असूनही हाताला चटका बसत नाही. नुसती सौम्य ऊब येते.

या घरातली मला सर्वांत विलक्षण वाटलेली गोष्ट कपाटात नाही, ती जमिनीखाली आहे. चांगली माती सापडली की एक पिढी ती खणून साठवून ठेवते, ती पुढच्यांसाठी. आजचा कुंभार आजोबा-पणजोबांनी जमवलेली माती वापरतो आणि स्वतः जमवतो ती नातवंडा-पतवंडांसाठी. संग्रहालयात ठराविक दिवशी वाडगे हातात घेऊन पाहण्याचे कार्यक्रम होतात. अंगठ्या, घड्याळं काढून ठेवायची, कोपरं जमिनीच्या जवळ आणायची आणि वाडगा उचलायचा. काचेआड जड दिसणारा वाडगा हातात अनपेक्षितपणे हलका लागतो. ओठ टेकायची कड किंचित आत वळलेली आणि वरखाली लहरत गेलेली असते. तळाशी एक छोटा खळगा असतो. चहा पिऊन झाल्यावर उरलेले हिरवे थेंब तिथे जमतात. या सगळ्या गोष्टी पिणाऱ्यासाठी आहेत, आणि नुसतं पाहून त्या कळत नाहीत.

राकुसारखीच आणखी नऊ घराणी चहाच्या गुरुघराण्यांसाठी वस्तू घडवतात. रिक्युचा नातू सोतान याच्या मुलांपासून ओमोतेसेन्के, उरासेन्के आणि मुशाकोजिसेन्के अशा तीन शाखा झाल्या. त्यांना लागणारं लाखकाम, वेळूकाम, सुतारकाम, धातुकाम, चित्रं मढवणं, बरणीचे बटवे शिवणं हे एकेका घराकडे पिढीजात चालत आलंय. त्यांपैकी ओनिशी घराणं कामा, म्हणजे पाणी तापवायची लोखंडी किटली ओततं. सान्जो भागातल्या कामान्झा गल्लीत एकेकाळी ओतारींची वस्तीच होती. तिथे ओनिशींचं छोटं संग्रहालय आहे. किटली ओतायची तर मातीचा बाहेरचा साचा आणि आतला गाभा यांच्यात अगदी थोडी फट ठेवतात. त्या फटीत रस धावतो. जमलेलं अंग पातळ, वरून खरबरीत. काही किटल्यांच्या आत तळाला लोखंडाच्या बारीक चकत्या लाखेने चिकटवतात. पाणी तापू लागलं की त्यांच्याखालून बुडबुडे सुटतात आणि किटली गाऊ लागते. त्या आवाजाला चहाचे लोक पाइन वृक्षांतला वारा म्हणतात. लोखंड आणि पाणी यांचं वैर कायमचं, त्यामुळे रोजच्या वापरातल्या किटलीचा तळ कधी ना कधी गळू लागतो. मग जुना तळ कापून नवा बसवायचा. कडेला राहिलेली दातेरी झालर लपवत नाहीत. उलट तीच डौलाची मानतात, आणि पुढे तशीच झालर असलेल्या नव्या किटल्याही ओतल्या जाऊ लागल्या. चारशे वर्षांची म्हणून दाखवलेली किटली म्हणजे बऱ्याचदा चारशे वर्षांचं अंग आणि नंतरच्या कुणा कारागिराचा तळ.

या वस्तू एकत्र आल्या की काय घडतं हे पाहायचं तर एखाद्या चहाच्या बैठकीत बसायला हवं. रीतसर बैठक चारेक तास चालते: निखारे रचणं, जेवण, मग मधली विश्रांती, दाट चहा आणि शेवटी पातळ चहा. बाहेरच्या पाहुण्यांसाठी बहुधा एवढंच: एक गोड पदार्थ आणि एक वाडगा पातळ चहा. क्योतोच्या उत्तर भागात उरासेन्केच्या संग्रहालयात प्रदर्शन पाहिल्यावर असा चहा मिळतो. मला एका वयस्क शिक्षिकेच्या, सेन्सेईंच्या, घरीही बसता आलं. नोव्हेंबर ते एप्रिल जमिनीतली चूल चालू असते, म्हणून किटली तातामीच्या पातळीला आलेली होती. कोनाड्यात अक्षरांची एक पट्टी आणि वेळूच्या नळीत कॅमेलियाची मिटलेली कळी. सेन्सेईंनी रेशमी रुमालाची घडी घालून बरणी आणि चाशाकु, म्हणजे भुकटी काढायचा वेळूचा चमचा पुसला. दोन्ही आधीच लख्ख होते. पुसणं पाहुण्यांच्या देखत व्हायला हवं, हे महत्त्वाचं. मग वाडग्यात सुमारे दोन ग्रॅम भुकटी, पळीभर पाणी आणि चासेन. हे चासेन म्हणजे आपली ताक घुसळायची रवीच, फक्त वेळूच्या एका पेराची आणि केसाएवढ्या बारीक दात्यांची. मनगट पुढेमागे झपझप हललं, वर फेस आला, हात थांबला.

वाडगा समोर आला की त्याची दर्शनी बाजू ओठांना लागू नये म्हणून तो थोडा फिरवून घ्यायचा. पिऊन झालं की पाहायचा. नुसतं छान म्हणून भागत नाही. मुख्य पाहुण्याने विचारायचं असतं, हा कुणाच्या हातचा, कुठल्या भट्टीतला, चमच्याचं नाव काय. सेन्सेईंनी उत्तरं दिली. वाडगा हागी गावचा, त्यांच्या गुरूंकडून आलेला. चमच्याला त्यांनी स्वतःच ऋतूला शोभेल असं नाव दिलं होतं. प्रत्येक नामांकित वस्तूची लाकडी पेटी असते, पेटीवर गुरूच्या हस्ताक्षरात नाव, पेटीला दुसरी पेटी. बरणीला रेशमी बटवा, आणि बरणी जितकी मानाची तितके तिचे बटवे अधिक. जुन्या बटव्यांसाठी आणि पेट्यांच्या रुमालांसाठी परदेशी कापडांचे तुकडे फार जपून वापरलेले दिसतात, त्यांत भारतातून जहाजांनी गेलेलं छापील सुती कापडही असतं. जपानमध्ये त्याला सारासा म्हणतात. आपल्याकडे अंगरख्याला आणि पडद्याला वापरलेल्या छिटाचा वितभर तुकडा इथे तीनशे वर्षं पेटीत राहिला.

सेन्सेईंच्या खोलीत नव्या होत्या त्या गोष्टीही मोजल्या: सकाळी भरलेलं पाणी, तागाचं पांढरंशुभ्र फडकं, चुलीतले कुनुगी ओकचे निखारे, झाकण टेकवायला ठेवलेलं हिरव्या वेळूचं पेर, कळी, चासेन आणि अर्थात चहा.

चहासाठी उजीला जायचं. क्योतोहून लोकल गाडीने अर्ध्या तासाच्या आतबाहेर. पुलाच्या तोंडाशी ११६० साली सुरू झालेलं चहाचं दुकान अजून चालू आहे. फेब्रुवारीत मळे निवांत असतात, पण ताटव्यांवरचे मांडव दिसतात. वसंतात कोंब फुटले की वीसेक दिवस किंवा त्याहून जास्त काळ रोपांवर सावली धरतात. पूर्वी वेतासारख्या बोरूच्या चटया आणि त्यावर भाताचा पेंढा पसरत; आता बहुतेक ठिकाणी काळी जाळी असते. ऊन कमी मिळालं की पानांतला तुरटपणा वाढत नाही, गोडसर चव टिकते, रंग गडद होतो. पानं वाफवून, न वळता वाळवतात, देठ आणि शिरा काढून टाकतात आणि ग्रॅनाइटच्या जात्यावर दळतात. एका जात्यावर तासाला साधारण चाळीस ग्रॅम मात्चा, म्हणजे चहाची भुकटी, निघतो. त्याहून वेगाने फिरवलं तर दगड तापतो आणि वास जातो. जातं मीही ओढून पाहिलं. घड्याळाच्या उलट दिशेने, घाई न करता. नवं पीक पूर्वी मातीच्या मोठ्या माठांत भरून उन्हाळाभर ठेवत आणि नोव्हेंबरात मोहोर फोडत. शोगुनाचे माठ उजीहून एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, वाजतगाजत जात. १६३३ पासून शोगुनशाहीच्या शेवटापर्यंत चाललेल्या त्या मिरवणुकीला वाटेतल्या सरदारांनीही रस्ता सोडायचा असा दंडक होता.

उजीच्या दक्षिणेला, नारा प्रांताच्या वायव्य टोकाला ताकायामा गाव आहे. जपानमध्ये बनणाऱ्या चासेनपैकी सुमारे नव्वद टक्के या एका गावात होतात. मुराता जुकोच्या विनंतीवरून इथल्या सरदाराच्या मुलाने पहिलं चासेन केलं अशी कथा आहे. हे काम पिढ्यान्‌पिढ्या एकाच मुलाला शिकवत आणि रात्री, शेजारीपाजारी झोपल्यावर करत. कडाक्याच्या थंडीत इथली रिकामी भातशेतं पाहण्यासारखी असतात. दोन-तीन वर्षांचे वेळू तोडून, उकळत्या पाण्यातून काढून, शेतात एकमेकांना टेकवून उभे केलेले असतात. गार वारा आणि ऊन खाऊन हिरवा रंग उतरतो, पिवळसर पांढरा चढतो. त्यानंतरही वेळू काही वर्षं मुरू देतात.

एका कार्यशाळेत कारागीर उशीवर मांडी घालून बसले होते. पेराचा वरचा अर्धा भाग सोलायचा, सुरीने उभा चिरत सोळा किंवा अधिक भाग करायचे, आतला गर काढून टाकायचा, मग प्रत्येक भागाचे आलटून पालटून जाड-बारीक दाते पाडायचे. नेहमीच्या पातळ चहाच्या चासेनला ऐंशी, शंभर, कधी एकशेवीस दाते येतात. पुढे टोकं गरम पाण्यात भिजवून पात्याने तासायची, मुळाकडून टोकाकडे पातळ होत जातील अशी. चहाला चव येते ती या तासण्यामुळे असं इथे मानतात आणि या कामाचं नावही तेच आहे. दात्यांच्या कडा मारायच्या म्हणजे चहा चिकटत नाही. शेवटी दोऱ्याने आतली आणि बाहेरची ओळ वेगळी करायची. हे काम बऱ्याच घरांत बायका करतात. शाखांच्या आवडी निराळ्या: उरासेन्केला पांढरा वेळू लागतो, मुशाकोजिसेन्केला काळपट जांभळा, तर ओमोतेसेन्केला धुरकटलेला. हा धुरकट वेळू म्हणजे गवती छपराच्या जुन्या घरांत चुलीवरच्या धुरात शंभर-दीडशे वर्षं काळा झालेला. तशी घरं पाडली जातात तेव्हाच तो मिळतो, आणि आता पाडायलाही फारशी उरली नाहीत.

चासेन टिकतं किती? रोज वापरलं तर काही आठवड्यांत दाते मोडू लागतात. टोकं मोडली की ते चहाला चालत नाही. मोडक्या चासेनांना मंदिरात किंवा चहाच्या मंडळींच्या समारंभात अग्नी देतात. ही वस्तू संग्रहालयात जायला नसतेच. गावात कार्यशाळा आता फार थोड्या उरल्या आहेत. परदेशातून स्वस्त चासेन येतात. मुलं शहरात जातात.

टोकियोच्या वाटेवर नागोयाला उतरले, कारण तिथल्या तोकुगावा कला संग्रहालयात दरवर्षी फेब्रुवारीत थोडेच दिवस एक चमचा बाहेर काढतात. मरणाची आज्ञा झाल्यावर रिक्युने हा चाशाकु तासला आणि शेवटच्या बैठकीनंतर फुरुता ओरिबे या शिष्याला दिला. रिक्युला क्योतोतून हद्दपार केलं तेव्हा नदीकाठी निरोप द्यायला येण्याचं धाडस करणाऱ्या दोघांपैकी हा एक. ओरिबेने चमच्यासाठी काळ्या लाखेची नळी केली, तिला उभी खिडकी पाडली आणि तिच्यातून तो चमच्याची पूजा करत असे. चमच्याचं नाव ‘अश्रू’. पांढऱ्या वेळूची, अतिशय पातळ, किंचित वाकलेली पट्टी, मधोमध पेराची गाठ. तासाभराचं काम, पण त्याच्यामागे काय आहे ते ठाऊक असल्याने लोक काचेसमोरून हलत नाहीत. पुढे १६१५ साली ओरिबेलाही तीच शिक्षा झाली.

त्याच वर्षी ओसाकाचा किल्ला जळाला आणि त्यात त्सुकुमो-नासु नावाची वांग्याच्या आकाराची बरणी सापडली. शोगुन योशिमित्सु, नोबुनागा, हिदेयोशी अशा हातांतून फिरलेली ही चिनी बरणी. किल्ला जिंकणाऱ्या तोकुगावा इएयासुच्या हुकमावरून फुजिशिगे नावाच्या लाखकाम करणाऱ्या बापलेकांनी राखेतून तुकडे वेचले आणि लाखेने ते असे जोडले की इएयासुने खूश होऊन बरणी त्यांनाच देऊन टाकली. क्ष-किरणांखाली जोड दिसतात. डोळ्यांना मात्र गडद झिलई दिसते, जी बऱ्याच अंशी झिलई नव्हे, लाख आहे. टोकियोच्या मारुनोउची भागात सेइकादो संग्रहालयाच्या दालनात ती मांडतात. तिच्यासमोर उभं राहून मला बरणीपेक्षा त्या बापलेकांचं नवल वाटलं.

सगळ्या प्रवासाचा अर्थ लागला तो उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या एका वाडग्याच्या कथेत. हा सोंग काळातला लोंगछुआन भट्टीचा सेलाडॉन वाडगा. नितळ निळसर हिरवा, सहा पाकळ्यांच्या कडेचा. शोगुन आशिकागा योशिमासाकडे असताना त्याला तळाशी भेग गेली. योशिमासाने तो चीनला पाठवला आणि असाच दुसरा मागितला. उत्तर आलं की मिंग देशात असा वाडगा आता करता येत नाही. सोबत मूळ वाडगाच परत आला, भेगेवर लोखंडी आकडे मारून. ते आकडे टोळासारखे दिसतात म्हणून जपानी रसिकांनी त्यावरूनच वाडग्याचं नाव ठेवलं आणि दुरुस्तीमुळे त्याचा मान आणखी वाढला.

ही कथा नेहमी भेगेतल्या सौंदर्याची म्हणून सांगितली जाते. मला त्यात चीनहून आलेलं उत्तर जास्त महत्त्वाचं वाटतं. वाडगा शाबूत होता, तो करणारे हात संपले होते. चहाच्या जुन्या वस्तूंना आज धोका नाही. त्यांना पेट्या आहेत, तिजोऱ्या आहेत, भूकंपापासून वाचवणारी दालनं आहेत. धोका आहे तो कमी आयुष्याच्या वस्तूंना. मात्चाचं वेड जगभर पसरल्यापासून २०२४ च्या शरदात क्योतो-उजीतल्या नावाजलेल्या दुकानांनाही गिऱ्हाइकामागे विक्रीची मर्यादा घालावी लागली. जातं तासाला चाळीस ग्रॅमच दळतं आणि नव्या रोपाला तोडणी द्यायला चार-पाच वर्षं लागतात. चासेनचा वेळू तर तोडल्यावरही थांबायला लावतो. रिक्युने नव्या हव्यात म्हणून सांगितलेल्या गोष्टी एकदा करून भागत नाही, त्या दर हंगामात कुणीतरी पुन्हा कराव्या लागतात. त्या थांबल्या तर चोजिरोचा वाडगा तेवढा उरेल, चहा उरणार नाही.

म्हणून जपानला जाणाऱ्यांना माझी एक सूचना आहे. आठवण म्हणून वाडगा आणायचा मोह होतोच, तो जरूर आणा. पण ताकायामाला अर्धा दिवस काढा, वेळूच्या बागेजवळच्या संग्रहालयात काम पाहा आणि एक चासेन विकत घ्या. घरी आल्यावर ते शोकेसमध्ये ठेवू नका. आधी ऊन पाण्यात भिजवून दाते मऊ करा, मग रोज वापरा. मोडलं की दुसरं मागवा.